गोठ्यातले पितळी पेले

जबलपूर, ४ ऑक्टोबर १९७१

ती. शरयूआत्या,

नमस्कार. सोबत माझ्या भाषणाची सात पानं पाठवते आहे. ६ डिसेंबरला विद्यापीठात कमिटीपुढे मला माझ्या संशोधनावर वीस मिनिटं बोलायचं आहे. कमिटीला पटलं तर फेलोशिप आणखी दोन वर्षं चालेल. नाही पटलं तर ती बंद, आणि मग शहपुऱ्याच्या शाळेत मास्तरीण होऊन जन्मभर मुलींना लिटमसचा कागद दाखवत बसायचं. (तू तीस वर्षं हेच केलंस, ते लिहून झाल्यावर आठवलं. माफ कर.)

मागच्या आठवड्यात डिपार्टमेंटमध्ये तालीम केली. माझे गाइड "बहुत बढ़िया" म्हणाले आणि चहाला गेले. दोघं जण झोपले होते. माझ्याबरोबर संशोधन करणारा श्रीरंग मात्र जागा होता. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "विभावरी, भाषण फारच विद्वत्तापूर्ण झालं. विषय काय होता?" सगळे हसले. मला वाटतं तो जळतो माझ्यावर.

भाषण इंग्रजीतून द्यायचं आहे, पण तुझ्यासाठी मराठी करून पाठवते आहे. जिथे शब्द हलका वाटेल तिथे भारदस्त सुचव.

तुझी,
विभावरी


अमरावती, ११ ऑक्टोबर १९७१

चि. विभावरी,

सातही पानं वाचली. दोनदा वाचली, कारण पहिल्या वेळी वाटलं की मधलं एखादं पान टपालात गहाळ झालं. झालेलं नाही. पानं पूर्ण आहेत, फक्त तू काय केलंस ते त्यांतल्या एकाही पानावर नाही.

पान दोन, ओळ चार. "विशिष्ट मिश्रधातूच्या वस्तूंमध्ये विशिष्ट वातावरणात विशिष्ट कालावधीनंतर विशिष्ट स्वरूपाचे दोष उद्भवल्याचे निदर्शनास आले." अगं, एका वाक्यात चार विशिष्ट! वस्तू कोणती? वातावरण कसलं? दोष उद्भवला म्हणजे ती वस्तू वाकली, गंजली की घर सोडून पळाली? आठवीतल्या मुलीनं मला असं लिहून दिलं असतं तर मी वही तिच्या वडिलांना नेऊन दाखवली असती. तुझ्या वडिलांना दाखवून उपयोग नाही, तो माझा भाऊ आहे आणि मी त्याला ओळखते.

श्रीरंगवर कशाला चिडतेस? सगळ्या खोलीत त्यानं एकट्यानं ऐकलं. त्यानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुला तिथल्या तिथे देता आलं असतं तर हसणारे गप्प बसले असते. आणि तुझे ते गाइड! विद्यार्थिनीचं बोलणं संपल्याबरोबर ज्या माणसाला चहा आठवतो, त्याचं "बढ़िया" बशीत ओतून पिऊन टाक.

भारदस्त शब्द मी सुचवणार नाही. आहेत तेच कमी कर. ज्याला सांगण्यासारखं काही सापडलेलं नसतं तो माणूस भारदस्त बोलतो. तुला काही सापडलं असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांग, उरलेली एकोणीस मिनिटं ते खरं कशावरून ते सांग, आणि खाली बस.

आता गृहपाठ. तुझी आई तांदूळ निवडायला बसली की तिच्यासमोर बस आणि तिला हे सगळं सांग. ताट निवडून होईपर्यंतच वेळ आहे. तिनं आपणहून एक प्रश्न विचारला तर समज की जमलं. "संध्याकाळी भाजी काय करू" असं विचारलं तर पानं चुलीत घाल.

लिटमसबद्दल रागावलेली नाही. माझ्या मुलींना तो निळा का होतो ते एका वाक्यात सांगता यायचं. तुझं तुला येतं का बघ.

शरयूआत्या


जबलपूर, २१ ऑक्टोबर १९७१

ती. आत्या,

दोन दिवस तुझ्यावर इतकी चिडले होते की पत्र बहुतेक फाडणार होते. तिसऱ्या दिवशी आई तांदूळ घेऊन बसली, तिच्यापुढे जाऊन बसले.

मी सुरुवात केली तशी आईनं उठून दाराला कडी घातली. म्हणाली, "हे मला काहून सांगून राहिली? बाबांच्या फॅक्टरीतलं तर नाही ना काही? ऐकेल ना कोणी!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आत्या, तू आमच्या लष्करी फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये कधी महिनाभर राहिलेली नाहीस. इथे कोणी कशाचं नाव घेत नाही. बाबा इन्स्पेक्शनमध्ये आहेत एवढंच आम्हाला माहीत. काय तपासतात? माल. माल कुठे जातो? पुढे. शेजारचे पोटे काका काय करतात? तेही माल. चौथीत "माझे वडील" हा निबंध लिहिला होता. "माझे वडील माल बघतात. माल चांगला असतो. कधी कधी माल चांगला नसतो." बाईंनी दहापैकी दोन गुण दिले आणि विचारलं, वडील वाण्याकडे आहेत का?

तेवीस वर्षं हेच ऐकत वाढले मी. म्हशीला म्हैस म्हणायला माझी जीभ रेटत नाही. विद्वत्ता कुठली त्यात, नुसती घाबरट सवय आहे ती.

मग कडी काढली आणि आईला पुन्हा सांगितलं. आता पहिलं पान असं आहे:

"पितळेचा पत्रा दाबून, ओढून त्याचा पेला करतात तेव्हा पितळेत ताण राहून जातो. तो दिसत नाही. असा पेला पावसाळ्यात म्हशीच्या गोठ्यात ठेवला तर दमट हवा आणि मुतातून निघणारा अमोनिया मिळून तो कुणी हात न लावता उभा तडकतो. केल्यानंतर एकदा मंद तापवून ताण काढला असेल तर तडकत नाही."

बडा फुहारा बाजारातल्या एका दुकानातून एकाच खेपेत केलेले छत्तीस पेले आणले होते. बारा डिपार्टमेंटच्या भट्टीत तापवून दूधवाल्या नथ्थू भैयाच्या गोठ्यात टांगले, बारा न तापवता तिथेच टांगले, आणि बारा न तापवता आमच्या कपाटात ठेवले. नथ्थू भैया विचारत होता, "दीदी, अब भैंस गिलास से पानी पिएगी?" आषाढ ते भाद्रपद तीन महिने झाले. गोठ्यातल्या न तापवलेल्या बारांपैकी नऊ तडकले. बाकी एकही नाही.

आईनं ताट खाली ठेवलं आणि प्रश्न विचारला! म्हणाली, "म्हणजे ज्यानं पेला बनवला त्याच्या हाताचा दोष नाही?" मी म्हटलं, नाही. तापवायचं की नाही, कुठे ठेवायचं, हे वर बसलेला ठरवतो. हातानं आपलं काम नीट केलेलं असतं.

एक विचित्र गोष्ट झाली. बाबा कामावरून आले तेव्हा ते नऊ पेले टेबलावर होते. त्यांनी एक उचलला, चिरेवरून नख फिरवलं, आणि विचारलं, "कुठे ठेवले होते?" गोठ्यात म्हटल्यावर भरल्या ताटावरून उठून बाहेर निघून गेले. आई म्हणते ओव्हरटाइमनं थकलेत.

तुझी,
विभावरी


अमरावती, ३० ऑक्टोबर १९७१

चि. विभावरी,

शाब्बास. हे पान मला एकदा वाचून समजलं, म्हणजे तुझ्या कमिटीला दोनदा सांगितलं की समजेल.

जुन्या पानांवरचे आठ तक्ते मात्र काढून टाक. दोन तासांनी लोकांना आकडा आठवणार आहे तो एकच, बारांत नऊ. पेले बरोबर ने आणि कमिटीच्या हातात दे. मोठ्या माणसांना हातात काही दिलं की ती घड्याळाकडे बघत नाहीत. खाली बघून वाचू नकोस, आणि शेवटी "माझ्या अल्पमतीप्रमाणे" वगैरे लोळण घेऊ नकोस. अल्पमती असेल तर दोन वर्षं कशाला मागतेस?

एकच उणीव आहे. कमिटी म्हणेल, बाई, आम्हाला म्हशींशी काय करायचं आहे? हे गोठ्याबाहेर कुठे घडलं आहे का? त्यासाठी खरं उदाहरण हवं. तुझ्या वडिलांना, मुरलीधरला, विचार. माल माल म्हणून लपतं थोडंच, दिवाळीला येतो तेव्हा त्याच्या बोटांना पितळेचा वास येतो. आणि तो ताटावरून उठला त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. लहानपणी घरात भांडं पडलं की पाडणाऱ्याआधी हा रडायचा. फुटलेले पेले पाहून तेच झालं असणार.

शरयूआत्या


जबलपूर, १५ नोव्हेंबर १९७१

ती. आत्या,

तुला हवं होतं ते उदाहरण सापडलं. तू मागितलं नसतंस तर बरं झालं असतं.

बाबांना विचारलं. त्यांनी वर्तमानपत्रातून मान वर न करता सांगितलं, "तुझं पहिलं भाषण चांगलं होतं. तेच दे." आत्या, पहिलं भाषण त्यांनी ऐकलंसुद्धा नव्हतं.

काल ओमतीच्या बाजारात स्टोव्ह दुरुस्तीला नेला. तिथे विठोबा बसतो. पूर्वी बाबांच्या फॅक्टरीत पत्रा दाबायच्या प्रेसवर होता, दसऱ्याला सोनं द्यायला घरी यायचा, मग एकाएकी यायचा बंद झाला. माझ्या पिशवीत पेले होते. एक तडकलेला त्याला दिसला आणि तो हातातलं काम टाकून बघतच राहिला.

"हे कुठं भेटलं?"

"मी तडकवलं. प्रयोगात."

"तुम्ही? मंग तुमालेबी काढा नोकरीवरून!" असं म्हणून इतका हसला की मला भीती वाटली.

पासष्टच्या पावसाळ्यात लढाईच्या घाईत गोदामं भरली होती, म्हणून त्याच्या प्रेसवरचा पितळेचा माल खेचरांच्या तबेल्याला लागून असलेल्या शेडमध्ये ठेवला. दोन महिन्यांत शेकड्यानं उभा तडकला. चौकशी झाली. कामगारानं निष्काळजीपणानं माल खराब केला असा रिपोर्ट गेला. लढाईचे दिवस, म्हणून निष्काळजीपणाला लोक घातपात म्हणू लागले. विठोबाची नोकरी गेली. मोहल्ल्यात त्याच्या दारावर कोणीतरी कोळशानं "गद्दार" लिहिलं.

"रिपोर्टवर सही कोनाची होती ते घरी विचारा," एवढंच म्हणाला आणि स्टोव्हची पिन काढून दिली.

घरी विचारायची गरज पडली नाही. इन्स्पेक्शनचा रिपोर्ट इन्स्पेक्शनमधलाच माणूस देतो.

आता तू सांग. भाषणाला फॅक्टरीचे लोक येतात. मी फॅक्टरीचं नावही घेतलं नाही तरी पहिल्या पाच मिनिटांत त्यांना कळेल. बाबा फेब्रुवारीत रिटायर होणार आहेत. विशिष्ट वस्तू, विशिष्ट वातावरण असंच मी बोलले तर बाबा वाचतात आणि फेलोशिप जाते. मला बाबांची कीव यायला हवी, पण येत नाही. राग येतो.

विभावरी


जबलपूर, २० नोव्हेंबर १९७१

प्रिय ताई,

विभावरी तुझं ऐकते, माझं ऐकत नाही. तिला सांग की पहिलंच भाषण द्यावं. मोठ्या परिषदांतून असंच बोलतात. म्हशी, मूत हे शब्द मुलीच्या तोंडी शोभत नाहीत.

ती विठोबाला भेटल्याचं माझ्या कानावर आलं, तिनं तुला कळवलंच असेल. तर माझीही बाजू ऐक. त्या रिपोर्टात मी विठोबाचं नाव लिहिलेलं नाही. "हाताळणीच्या स्तरावर काही त्रुटी राहिल्याची शक्यता नाकारता येत नाही" एवढंच लिहिलं. पुढे त्याचा अर्थ वरच्यांनी काय काढला त्याला मी काय करणार? दररोज वरून फोन यायचे, माल कुठे, माल कुठे. त्या वेळी दोन दिवसांत कागद द्यायचा होता.

तुझ्यापासून काय लपवायचं. त्या शेडमध्ये पाय टाकला की डोळ्यांना पाणी यायचं, इतका तबेल्याचा वास होता. दुसऱ्या गोदामातला माल, त्याच विठोबाच्या हातचा, एकही तडकला नव्हता. मी ते पाहिलं होतं. पण त्या फॉर्ममध्ये वासाचा रकाना नव्हता. आणि शेडमध्ये माल ठेवायचा हुकूम ज्या साहेबांचा होता, त्यांच्याकडेच फॉर्म जायचा होता.

तीन महिने राहिलेत माझे. तू मोठी आहेस, समजून घेशील.

मुरलीधर


अमरावती, २६ नोव्हेंबर १९७१

मुरलीधर,

समजून घेतलं. म्हणून तर तिला मी काहीही सांगणार नाही.

दीड महिना मी त्या पोरीला बोल लावते आहे की तुला धड वाक्य लिहिता येत नाही. मला वाटलं, हे विद्यापीठात शिकली. आता कळलं, हे ती घरी शिकली. "शक्यता नाकारता येत नाही"! लहानपणी तुला मी व्याकरण शिकवलं ते याच्यासाठी? इतकं गोल वाक्य केलंस की त्यात एक अख्खा माणूस बुडाला आणि तुझे हात कोरडे राहिले. नाव लिहिलं नाहीस म्हणतोस. लिहिलं असतंस तर निदान त्याला "हे खोटं आहे" असं ओरडता तरी आलं असतं.

वासाचा रकाना नव्हता म्हणे. कागदाला मागची बाजू असते.

मुलीच्या तोंडी काय शोभतं याची काळजी तू करू नकोस. ६ तारखेला जा आणि मागच्या बाकावर बसून ऐक. भाषणाच्या शेवटी कोणीतरी प्रश्न विचारायला हवा असतो. तुझ्याजवळ एक प्रश्न आहे. तो विचारायची छाती झाली तर मला कळव, नाही झाली तर पत्र पाठवू नकोस.

शरयू


जबलपूर, ९ डिसेंबर १९७१

ती. आत्या,

भाषण झालं.

तीन तारखेला लढाई सुरू झाल्यामुळे बाहेरचे परीक्षक आलेच नाहीत, गाड्या सगळ्या फौजेसाठी आहेत. भाषण रद्द करावं असं माझे गाइड म्हणाले (त्यांना चहाला जायचं असावं). पण विभागप्रमुखांनी गावातलीच तीन माणसं बसवली, एक कॉलेजचे प्रिन्सिपल, एक रेल्वेचे केमिस्ट आणि एक हिंदीचे प्राध्यापक. खिडक्यांना ब्लॅकआउटचे काळे कागद लावलेले, एकच दिवा, स्लाइड दाखवायच्या यंत्राला परवानगी नाही. तुझ्या पेल्यांच्या सल्ल्यानं वाचवलं. मी हिंदीतूनच बोलले, कारण समोरच्यांत निम्म्यांना इंग्रजी नुसतंच मान डोलवण्यापुरतं येतं.

पहिल्याच वाक्यात पितळ, गोठा, अमोनिया, तडा, सगळं नाव घेऊन सांगितलं. फॅक्टरीचा शब्दही काढला नाही. त्याची गरज नव्हती. तिसऱ्या बाकावर फॅक्टरीचे चौघे बसले होते, पेला त्यांच्या हातात गेला तेव्हा त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पटकन पुढे सरकवला. दाराजवळ विठोबा उभा होता. मी त्याला बोलावलं होतं, हे तुला आधी लिहिलं नाही. बाबा शेवटच्या बाकावर, शिफ्टवरून तसेच आलेले.

प्रिन्सिपलनी विचारलं, म्हैस कोणत्या जातीची होती. हिंदीच्या प्राध्यापकांनी माझ्या हिंदीतली एक चूक काढली. आणि बाबा उठले.

"एक पूछना था," ते म्हणाले. स्वतःच्या मुलीला आप म्हणाले. "आपके जो नौ गिलास टूटे, उसमें बनानेवाले के हाथ का कोई दोष था?"

"नहीं," मी म्हटलं. "हाथ का कोई दोष नहीं था."

"पक्का?"

"पक्का. उसी हाथ के बाकी सब साबुत हैं."

"आप ये लिख के देंगी?"

मी हो म्हटलं. बाबा खाली बसले. मी दाराकडे पाहिलं तेव्हा विठोबा निघून गेला होता.

फेलोशिप मिळाली, पण दोनऐवजी एकच वर्ष. कमिटीनं शेरा मारला आहे: "विषय सर्वांना समजला, मात्र मांडणीत अपेक्षित गांभीर्य नव्हते." श्रीरंग म्हणतो, फ्रेम करून लाव.

मी बाबांना एक पान लिहून दिलं. त्याचं ते काय करणार आहेत, मी विचारलं नाही.

तुझी,
विभावरी


जबलपूर, २ जानेवारी १९७२

प्रिय ताई,

तू म्हणाली होतीस म्हणून कळवतो.

लढाई संपल्यावर मी वर एक अर्ज दिला. विभावरीचं पान जोडलं आणि खाली चार ओळी लिहिल्या: पासष्ट साली माल तबेल्याच्या वाफेनं तडकला. विठोबाचा दोष नव्हता. मला तेव्हाही माहीत होतं. मी लिहिलं नाही. खाली सही केली.

परवा साहेबांनी बोलावलं. आता माझीच चौकशी होणार आहे आणि तोवर पेन्शनचे कागद थांबलेत. जया दोन दिवस बोलली नाही, आज बोलली. विभावरी मला चहा आणून देते. विठोबाला नोकरी परत मिळण्याचं वय आता राहिलेलं नाही, असं ऑफिसात म्हणतात.

काल अर्जाची नक्कल घेऊन ओमतीला गेलो. तो दोन स्टोव्ह समोर घेऊन बसला होता. मला बस म्हणाला नाही. मी कागद दिला. त्याला सावकाश वाचता येतं, बोट ठेवून त्यानं चारही ओळी वाचल्या. पुन्हा एकदा वाचल्या. मी मनाशी धरून होतो की हा रडेल, शिव्या देईल, निदान गचांडी धरेल, म्हणजे मला काहीतरी बोलता येईल.

त्यानं फक्त मान वर केली आणि विचारलं, "एवढं सोपं होतं बाबूजी, तं तेवाच काहून नाई लिवलं?"

मग त्याच्याकडे दुसरं गिऱ्हाईक आलं, मी बाजूला सरलो.

मुरलीधर